गुरुवारचा रिकामा खण

आई नळाला घागर लावून उभी होती आणि एकदम खाली बसली. एवढंच घडलं. पडली नाही, असं तिचं म्हणणं. पडली, असं शेजारच्या मावशींचं. अहमदपुरात आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की झाडून सगळ्या बाया बाहेर असतात, त्यामुळे साक्षीदारांना तोटा नव्हता आणि प्रत्येकीची साक्ष वेगळी होती. मी नांदेडला ऑफिसात होते. तासाभरात तीन फोन आले. पहिल्या फोनमध्ये आईला चक्कर आली होती, दुसऱ्यात ती बेशुद्ध होती आणि तिसरा फोन आईचा स्वतःचा होता.

"काही झालं न्हाई. लोकाला कामं न्हाईत," ती म्हणाली. "तू जेवलीस का?"

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रक्तदाब वाढलाय. रोज सकाळी एक गोळी, मीठ कमी, थोडं चालणं, महिन्यानं दाखवायला या. माझा धाकटा भाऊ लातूरहून गाडी घेऊन आला होता. तो दवाखान्याच्या पायरीवरच म्हणाला, की आई आता लातूरला राहील. तिसरा मजला असला तरी लिफ्ट आहे, दवाखाना कोपऱ्यावर आहे, आणि एक खोली मोकळीच आहे.

भाऊ घाबरला होता. वडील गेले तेव्हा तो वेळेवर पोचू शकला नव्हता. हे तो कधी बोलत नाही, पण फोन वाजला की पहिल्या घंटीला उचलतो.

आई गाडीत मागच्या सीटवर बसून म्हणाली, "मागच्या साली आठ दिवस राहिले की तुमच्याकडं. तिथं दार बंदच असतंय. ओळखीचं माणूस आलं तरी घंटी वाजवून येतंय. मी काय चोर हाय का, की कोण आलं ते भोकातून बघू?"

"आई, ते सुरक्षेसाठी असतं."

"हाव. सुरक्षाच होती. आठ दिवसांत कुणी बोललं न्हाई."

पंचाहत्तरी गाठलेल्या बाईनं हे घर सोडून जायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा पूर्ण कळलं होतं असं नाही. मी सोय बघणारी बाई आहे. पण ती बोलत होती तेव्हा घराची किल्ली मुठीत धरून बसली होती. कुलूप मागं लागलेलंच होतं, तरी किल्ली पिशवीत टाकत नव्हती. म्हणून मी भावाला म्हणाले, "तीन महिने दे. मी बघते."

तो म्हणाला, "अक्का, तीन महिन्यांत आणखी एकदा चक्कर आली, नाहीतर डॉक्टरनं गोळी वाढवली, तर मी कुणाला विचारणार न्हाई. गाडी घेऊन येईन आणि घेऊन जाईन."

"ठरलं," मी म्हणाले. आईला कुणी विचारलं नव्हतं, हे तिनं घरी पोचल्यावर लक्षात आणून दिलं.

मी शाळेच्या कार्यालयात काम करते आणि याद्या करते. दोन्हींचा संबंध असेलही. घरात वाण्याची यादी, सणाची यादी, प्रवासाची यादी आणि कुठली यादी कुठं आहे त्याची एक यादी असते. नवरा याला आजार म्हणतो. आई म्हणते, "हिच्या बारशाची यादीबी हिनंच केली असंल."

तर त्या रात्रीपर्यंत आईची यादी तयार झाली. अकरा कलमं, मोठ्या अक्षरात, स्वयंपाकघराच्या दाराच्या मागं चिकटवली. एक, सकाळी अर्धा तास चालणं. दोन, दिवसभरात एवढे तांबे पाणी. तीन, गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही, सकाळी नऊला नाश्ता झाल्यावरच घ्यायची. चार, सकाळची वेळ चुकली तर मनानं संध्याकाळी घ्यायची नाही. पाच, स्टुलावर चढायचं नाही. सहा, न्हाणीत दांडी धरूनच उठायचं. सात, गोळ्यांच्या डबीतला त्या दिवसाचा खण रात्रीपर्यंत रिकामा झाला पाहिजे. आठ, लोणचं-पापड वरच्या फळीवर. आणि अशी पुढची.

गोळ्यांची डबी मी दवाखान्यातून येताना मुद्दाम घेतली होती. निळी, सात खणांची, प्रत्येक खणावर वाराचं एक अक्षर. अशी डबी बघितली की मला शांत वाटतं.

आईनं चष्मा लावून सगळी यादी वाचली. मधेच थांबली, पुन्हा वर गेली.

"पाच नंबर अन् आठ नंबरचं भांडण हाय," ती म्हणाली.

"कसलं भांडण?"

"लोणचं वर ठिवायचं अन् स्टुलावर चढायचं न्हाई. मग कुणी पाव्हणा आला तर लोणचं काय उडी मारून काढू? आधी त्या दोघांचं मिटव."

मी आठ नंबर खोडून 'लोणचं मावशींच्या घरी' असं लिहिलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की आई यादी नुसती वाचत नाही, पाळते. मी मात्र खूश झाले.

पहिल्या महिन्यात सगळ्यात मोठी अडचण चालण्याची आली. आईला चालायला काही हरकत नव्हती, बिनकामाचं चालायला होती. "हातात पिशवी न्हाई, कुठं जायचं न्हाई, नुसतं जायचं अन् यायचं. लोक म्हणतील हिचं काही हरवलंय." दोन दिवस तिनं अंगणात येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी समोरची म्हातारी खरंच विचारायला आली, काय हरवलं म्हणून. मग मी दुधाची सोय बदलली. दारात येणारा दूधवाला बंद केला आणि बाजाराच्या पलीकडच्या गवळ्याकडून दूध आणायचं ठरवलं. जाऊन-येऊन बरोबर अर्धा तास. काम मिळालं म्हटल्यावर आई निघाली. आठवड्याभरात ती स्वतःचं धरून चार घरचं दूध आणत होती. बरण्यांचं वजन ऐकून मी दोन घरांवर मर्यादा घातली. उरलेल्या दोन घरांशी माझे संबंध अजून जरा ताणलेलेच आहेत.

न्हाणीतल्या दांडीवर ती पातळ वाळत घालायची. "दांडी धरायला आहे आई, पातळ वाळत घालायला नाही." "धरायची येळ आली की काढीन की पातळ."

रक्तदाब मोजायचं काम मी शेजारच्या मावशींना दिलं. मावशी निवृत्त अंगणवाडी सेविका. आयुष्यभर लेकरांची वजनं केली आणि नोंदवह्या भरल्या. मी मशीन आणलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "वही कोणती?" घरातली जुनी वही चालणार नाही म्हणाल्या. नवी आणली, पट्टीनं रकाने आखले: वार, वेळ, वरचा, खालचा, शेरा. रोज संध्याकाळी पाच वाजता त्या आईच्या घरी येत, दोघी पाच मिनिटं न बोलता बसत, हीच त्यांच्यासाठी सगळ्यात अवघड गोष्ट होती, आणि मग मावशी मोजत. दर शनिवारी रात्री मला पानाचा फोटो यायचा. शेऱ्याच्या रकान्यात मावशींचं अंगणवाडीचं वळण दिसायचं. "लाभार्थी मोजताना बोलली." "लाभार्थीने पाणी प्यायले." एकदा, "लाभार्थी चिडली, दहा मिनिटांनी पुन्हा मोजले."

गोळ्यांचं तर विचारायलाच नको. मी रविवारी रविवारी येत असे. डबी बघायची, सातही खण रिकामे. पुन्हा भरायची, आणि माझ्या वहीत बरोबरची खूण करायची.

"गोळ्या नियमित आहेत ना?"

"तूच बघ की. एकबी राहिली न्हाई."

आकडे मात्र जागेवर राहत नव्हते. एक दिवस चांगला, दुसऱ्या दिवशी वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. पहिल्या महिन्याच्या शेवटी डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस बघू, नाहीतर गोळी वाढवू. ही गोष्ट मी भावाला सांगितली नव्हती. आईनं सांगितली. तिला खोटं बोलता येत नाही, आणि विचारलं नसताना खरं सांगायची सवय आहे. भावानं फोनवर एवढंच म्हटलं, "अक्का, मी खोलीत पलंग टाकून घेतलाय."

त्या दिवशी दुपारी ऑफिसात डबा खाऊन झाल्यावर मी मावशींची पानं काढली आणि एका कागदावर सरळ तक्ता केला. आडवे वार, उभे आठवडे. वाढलेल्या आकड्यांना लाल वर्तुळ. पाच मिनिटांत चित्र दिसलं. लाल वर्तुळं तीन रेघांत पडली होती: सोमवार, गुरुवार, शनिवार. इतर वारी जवळजवळ नाहीतच.

मला गुन्हा सापडल्यासारखं झालं. या तीन वारी नक्की काहीतरी खारट शिजतंय. पहिला संशय मावशींवर गेला, कारण लोणचं त्यांच्याच घरी ठेवलं होतं आणि मोजायला त्याच येत होत्या. फोन करून विचारलं तर कुणी खरं सांगणार नाही म्हणून मी गुरुवारची किरकोळ रजा टाकली आणि सकाळची पहिली एसटी धरली. लोहा गेलं, माळाकोळी गेलं, मी मनात प्रश्नांची यादी करत होते. मावशींसाठी सहा प्रश्न होते.

घरी पोचले तेव्हा नऊ वाजले होते. दार उघडंच होतं. आई देवापुढून उठत होती. मला पाठमोरी. तिनं कोनाड्यातली निळी डबी घेतली, 'गु' लिहिलेला खण उघडला, गोळी काढली, हिंगाच्या जुन्या डबीत टाकली, झाकण लावलं आणि दोन्ही डब्या जागेवर ठेवल्या. अगदी शांतपणे, कणकेच्या डब्याचं झाकण लावावं तसं.

"आई, काय करून राहिलीस?"

ती दचकली नाही. "आलीस होय. आज कशी काय? खण रिकामा करून राहिले. तुझा सात नंबर."

"गोळी घेतली नाहीस?"

"आज गुरुवार हाय की."

मी हिंगाची डबी उघडली. हिंगाच्या वासात सगळ्या गोळ्या पडल्या होत्या, महिन्याभराच्या सोमवारच्या, गुरुवारच्या आणि शनिवारच्या.

"या का घेतल्या नाहीस?"

आईनं मला हात धरून दाराच्या मागं नेलं, यादीसमोर उभं केलं आणि शाळेत गुरुजी दाखवतात तसं बोट ठेवलं. "तीन नंबर. रिकाम्या पोटी घ्यायची न्हाई, नाश्ता झाल्यावरच. गुरुवारी मी सकाळी कुठं खाती? संध्याकाळी दिवा लागल्यावर सोडती. मग म्हणलं संध्याकाळी घ्यावी, तर हे बघ, चार नंबर. संध्याकाळी घ्यायची न्हाई. मग राहिला सात नंबर. खण रिकामा पाहिजे. केला रिकामा." मग जरा नरमाईनं म्हणाली, "टाकल्या न्हाईत बरं. पैशाच्या वस्तू हायत. हिंगाच्या डबीत ठिवल्या."

आईचे उपवास मला माहीत नव्हते असं नाही. कित्येक वर्षं ती हे तीन वार धरतेच आहे. पण घराचा उंबरा जसा माहीत असतो तसे ते माहीत होते, यादीत उंबरा कोण लिहितं? आणि मी यायचे रविवारी. रविवारी आई पोटभर जेवायची, गोळी घ्यायची आणि मला वाढायची.

"मला फोनवर विचारायचं नाही का?"

"तू यादी करून दिली. पुन्हा काय विचारायचं? तुला राग येतो, मधे विचारलं की."

हे खरं आहे. त्यामुळे मी विषय बदलला आणि म्हणाले, पातळ बदल, दवाखान्यात जायचंय.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, पण पेन खाली ठेवला. "म्हणजे आठवड्यातून तीन दिवस गोळी नाही. आणि त्याच दिवशी दिवसभर अन्न नाही, पाणी कमी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी गोळी वाढवणार होतो. वाढवली असती तर चार दिवस जास्त आणि तीन दिवस काहीच नाही, असं झालं असतं. मग चक्कर नक्की होती." मी वही उघडली. अशा वेळी वहीत लिहायला काही नसतं.

आईनं मधेच विचारलं, "डॉक्टरसाहेब, गोळी उपासाला चालती का?"

"आजी, तिच्यात कांदा नाही, लसूण नाही, तेल नाही, मीठ नाही. उपासाला चालते."

"अन् रिकाम्या पोटी?"

"कपभर दूध प्या, एक राजगिऱ्याचा लाडू खा, मग घ्या. ही गोळी तशी पोटाला जड नाही. पण तेवढा आधार असू दे. आणि दिवसभर निरंकार राहायचं वय नाही आता. तीन-तीन दिवस नको."

"मग हे आधीच सांगायचं की," आई म्हणाली. "तुम्ही दर बारीला विचारता, गोळ्या चालू हायत का. मी म्हणते हाव. त्या चालूच होत्या."

परत येताना ती माझ्या पुढं चालत होती. दूध आणायला जाऊन तिची चाल सुधारली होती, हे मात्र मानावं लागेल. मी मागून म्हणाले, "आई, दोन उपवास तरी सोड."

"सोडायला ती काय जत्रेतली दुकानं हायत, मन भरलं की उठलो? धरलेला वार तसा सोडता येत न्हाई. उद्यापन करावं लागतंय. अन् ज्याच्यासाठी धरलं ते झालं पाहिजे."

"कशासाठी धरले होते?"

घरी येऊन तिनं चहा टाकला, माझ्यासाठी, आणि स्वतः दूध घेतलं, लाडू खाल्ला, हिंगाच्या डबीतून नाही तर निळ्या डबीतून शुक्रवारची गोळी काढून घेतली. मग सांगितलं. तिन्ही वार एकामागून एक आले होते, आणि एकही परत गेला नव्हता.

सोमवार भावासाठी. त्याला नोकरी लागेना तेव्हा धरला. नोकरी लागून आता त्याचं पोरगं नोकरी शोधायला लागलंय, पण आई मध्ये कुठं थांबलीच नाही. "म्हणलं लागली हाय, टिकली पाहिजे."

शनिवार वडिलांसाठी. त्यांना साडेसाती सुरू झाली म्हणून कुणीतरी सांगितलं होतं.

"आई, साडेसाती साडेसात वर्षांची असते. आणि आता तर..." वडील जाऊन सहा वर्षं झालीत.

आईनं कपाला हात लावला, उचलला नाही. "शनिवारी संध्याकाळी ते मारुतीला जाऊन येताना माझ्यासाठी केळी आणायचे. उपास माझा हाय म्हणून. रोजचं काही आठवून आणायचे न्हाई, ते एवढं आणायचे." मग म्हणाली, "शनिवार राहू दे."

मी वहीत लिहिलं: शनिवार राहील, दूध-लाडू-गोळी, दिवसभर फराळ. मी ते का लिहिलं माहीत नाही. असं काही ऐकलं की माझा हात आपोआप काहीतरी लिहायला लागतो.

"आणि गुरुवार?"

"तो तुझ्यासाठी हाय."

मला एकदम भरून आलं. माझी परीक्षा, माझी नोकरी, माझं लग्न, यातलं काय असेल ते मी मनात शोधायला लागले. नोकरीच्या पहिल्या परीक्षेत मी नापास झाले होते, तेव्हाचं असावं. "कोणत्या साली धरलास?"

"तू दहावीला असशील. तुझं ते सारखं चालायचं. हे इथं कामून ठिवलं, ते तिथं कामून न्हाई, बापाला हिशोब विचारायची, मला येळ विचारायची. तुझी आजी म्हणाली, ही पोरगी सासरी गेली तर चार दिवसांत परत येईल. मग मी गुरुवार धरला. म्हणलं, देवा, हिला जरा सबूर दे."

मी चहा खाली ठेवला. "मग? आली का सबूर?"

आई दाराच्या मागच्या यादीकडे बघत होती. "त्यामुळंच तर चालू हाय," ती म्हणाली.

सोमवारचं उद्यापन तीन महिने पुरे होण्याच्या आठवड्यात झालं. मी अर्थातच यादी केली: पुरोहित, पाच सवाष्णी, पुरण, शिधा, आणि बसायला जोडपं. उपवास ज्याच्यासाठी धरला होता त्यालाच जोडीनं पाटावर बसवायचं, असा आईनं हट्ट धरला. म्हणून भाऊ आणि भावजय लातूरहून आले. भावाला फोनवर फक्त "सोमवारचं उद्यापन आहे" एवढंच सांगितलं होतं. तो गाडीत मोठी रिकामी बॅग घेऊनच आला. मला ती दिसली, आईलाही दिसली, पण पुरण वाटायचं होतं म्हणून कुणी काही बोललं नाही.

पूजा झाली, पानं वाढली. पाटावर बसलेला असतानाच त्याला कळलं, की जेवढी वर्षं तो नोकरी करतोय त्याहून जास्त वर्षं हा सोमवार चाललाय. त्यानं पुरणपोळीचा घास हातात धरला आणि बराच वेळ तो तोंडात गेला नाही. मग म्हणाला, "आई, नोकरी कधीच पक्की झाली होती."

"मला काय म्हाईत. तू कधी सांगितलं न्हाईस," आई म्हणाली. "जेव."

जेवणानंतर तो मुद्द्यावर आला. मी मावशींची वही पुढं केली. दुसऱ्या महिन्याच्या मध्यापासून लाल वर्तुळं जवळजवळ गेली होती. डॉक्टरांनी गोळी तेवढीच ठेवली होती, आणि चक्कर परत आली नव्हती. तो पान पान बघत होता. "हे सगळं खरंय?"

या प्रश्नानं मावशींना लागलं. पस्तीस वर्षं अंगणवाडीत नोंदवह्या भरलेल्या बाईला हे विचारायचं नसतं. त्या उठल्या, मशीन घेऊन आल्या आणि भावाला म्हणाल्या, "बाह्या वर कर. तुझ्यावरच करून दाखवते, खरं मोजते की खोटं."

तो हसत हसत बसला. मशीन गुरगुरलं, फुगलं, थांबलं. मावशींनी आकडा बघितला. पुन्हा एकदा मोजलं. मग वहीचं नवं पान उलटलं आणि पट्टी मागितली.

"काय आलं?" भावजयीनं विचारलं.

"तुमच्या सासूपेक्षा जास्त," मावशी म्हणाल्या, आणि रकाने आखायला लागल्या. शेऱ्यात त्यांनी लिहिलं: नवीन लाभार्थी. पुरणपोळी चार.

भावाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. लिफ्टनं वर जातो, गाडीनं ऑफिसला जातो, दवाखाना कोपऱ्यावर आहे आणि दोन वर्षांत तिथं पाय ठेवला नव्हता, हे सगळं भावजयीनं एका दमात सांगून टाकलं. आई त्याच्या जवळ गेली. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ती बॅग आणलीस ना? तुझे कपडे टाक त्यात. महिनाभर ऱ्हा इथं. सकाळी माझ्याबरोबर दुधाला चल. मी बघते."

तो राहिला नाही, नोकरी होती. पण बॅगही रिकामीच परत गेली. निघताना तो मला गाडीजवळ म्हणाला, "राहू दे अक्का. पण रोज सहाला मला आकडा सांगायचा." मी म्हणाले, आकडा मावशी सांगतील, आणि तुझाही घेतील. त्यानंही मशीन घेतलं, आता दोघांचे आकडे एकाच पानावर येतात. मावशी त्याच्या शेऱ्यात बरेचदा लिहितात, "लाभार्थीने फोन उचलला, आकडा सांगितला नाही."

राहिला गुरुवार. त्याचं उद्यापन करायला आई तयार नव्हती, कारण गुण आलेला नव्हता. आठवड्यातले दोन उपवास डॉक्टरांना मान्य नव्हते, एक होता. मी दोन-तीन वेळा समजावलं. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला, आणि आईनं फक्त देवाकडं बघितलं, बघ म्हणावं तसं.

शेवटी मार्ग मावशींनी काढला. वार घरात राहिला पाहिजे, तो त्याच बाईनं धरला पाहिजे असं कुठं आहे? सासू सुनेला देते, आई लेकीला देते. आईनं विचार केला. मग एका गुरुवारी तिनं माझी ओटी भरली, हातात नारळ दिला आणि गुरुवार मला देऊन टाकला. स्वतःच्या सबुरीसाठी स्वतःच उपवास करणारी बाई या जिल्ह्यात मी एकटीच असेन.

मला उपवास जमत नाही. अकरा वाजता डोकं तापतं, साडेअकराला ऑफिसातल्या लोकांना दिसेल असं तापतं. पण नऊ वाजता माझा फोन अहमदपूरला लागतो. यादी आता दाराच्या मागं नाही. आईनं ती काढून डब्यांच्या फळीवर अंथरली आहे, उलटी. मागच्या बाजूला तिच्या अक्षरात एकच ओळ आहे, ती मी गेल्या रविवारी स्टुलावर चढून वाचली: गुरुवारी लेकीला फोनवर विचारायचं, काही खाल्लं का.

"गोळी घेतली का?" मी विचारते.

"घेतली. पोहे खाऊन घेतली. आज गरम गरम केले होते, वर शेव घालून," ती म्हणते. मग मी काही बोलायच्या आत म्हणते, "शेव थोडीच घातली. तू काय खाल्लंस?"

"काही नाही. उपवास आहे."

"राग येऊन राहिला का?"

"नाही."

"हाव," आई म्हणते. "गुण येऊन राहिला."